डावीकडे कुणीतरी

३ जून

आज पुन्हा! स्लाइड मी हलवली नव्हती. तरी पेशी डावीकडे सरकत गेल्या — संथ पाण्यात पानं वाहतात तशा. दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मायक्रोस्कोपला कुणाचाच हात नाही. परत डोळे लावले. अजून सरकतच होत्या.

मग टेबल सरकलं, मग खोली, मग मी. टेबलाची कड धरून बसून राहिले. डॉक्टर म्हणाले होते, चक्कर किती वेळ टिकते ते लिहा. घड्याळ बघायला मान वळवायची, म्हणजे पुन्हा सगळं फिरणार! कसली वेळ लिहू?

लॅबमध्ये आम्ही दोघीच टेक्निशियन. मी थोरली, ती धाकटी — ही नावं लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पाडली आणि तीच चिकटली. धाकटीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. "ताई, परत आली का?" जशी काही नात्यातलीच कुणी येऊन जाते आहे.

४ जून

आजाराला नाव मिळून तीन आठवडे झाले. फायब्रोमायल्जिया. त्याआधी चार महिने नुसतं अंग दुखणं — रोज सकाळी कुणीतरी रात्रभर बदडून काढल्यासारखं. रक्त, मान, कान, मेंदू, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. बावीस वर्षं मी लोकांच्या रिपोर्टवर हाच शब्द लिहीत आले. तो वाचून रडू येऊ शकतं हे आत्ता कळलं!

डॉक्टरांनी छापील तक्ता दिलाय. तारीख, वेळ, काय करत होतात, किती टिकली. तो मी भरते, इमानाने. तक्त्यात जे मावत नाही ते इथे.

७ जून

सासूबाईंना आज नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी सुनेला चक्कर आली की घरात आनंदीआनंद व्हायचा!" मी शेहेचाळीस वर्षांची. नवरा खो खो हसला, मीही हसले. हसताना मान मागे गेली आणि छत खाली यायला लागलं.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोच उपाय. "एका ठिकाणी नजर ठेव. बॉनेटकडे बघू नकोस, लांब बघ." आमच्या घरात लांब म्हणजे बाथरूमचं दार. पण उपयोग होतो.

११ जून

चक्कर तीन तऱ्हेची असते. एक, भिंती फिरतात. दुसरी, नावेत बसल्यासारखी, सगळं वरखाली. या दोन तक्त्यात लिहिल्या.

तिसरीत काहीच फिरत नाही. फक्त डावीकडे, अर्धं पाऊल मागे, कुणीतरी उभं असतं.

चेहरा नाही. आवाज नाही. उंची माझ्याएवढी. मी चालले की चालतं, थांबले की थांबतं. वळून बघितलं तर अर्थातच कुणी नसतं — आणि वळल्यामुळे भिंती फिरायला लागतात, तो दंड वेगळाच. आज लॅबच्या पॅसेजमध्ये उजवा खांदा दोनदा भिंतीला घासला. मग लक्षात आलं, मी बाजूला होत होते. वाट देत होते.

कुणाला?

१२ जून

हे कुणाला सांगायचं नाही.

१६ जून

फिजिओथेरपिस्ट तरुण आहे, फार बोलते. भिंतीवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवलं — 'क'. त्याच्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. अक्षर हलता कामा नये. सुरुवातीला दहा वेळा, रोज.

"हललं तर?"

"हलेलच हो! म्हणून तर करायचं."

उठण्याच्या तीन पायऱ्या शिकवल्या. कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडून बसायचं, मनात वीस मोजायचे, मग उभं राहायचं. बाजारात दोन्ही बाजूंना भरलेल्या फळ्यांची रांग असली तर मध्ये शिरायचं नाही, कडेने जायचं. दमायच्या आधी थांबायचं. दमल्यावर थांबण्यात काही अर्थ नाही म्हणे. हे मला कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं!

निघताना धीर करून विचारलं, "पेशंटना कधी कुणी शेजारी असल्यासारखं वाटतं का?"

ती लिहिता लिहिता थांबली. "एकदोघांनी सांगितलंय मला. तोल आणि डोळ्यांचं जमेनासं झालं की होत असेल तसं." मग पेन खाली ठेवून — "तुम्हाला वाटतं का?"

"नाही," म्हटलं.

२० जून

नीट लिहिते.

दुपारी एक माणूस दोन रिपोर्ट घेऊन आला. एक आमचा, फेब्रुवारीतला — त्याच्या बहिणीचा, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, नॉर्मल. दुसरा मोठ्या हॉस्पिटलचा, परवाचा. नॉर्मल नाही. अजिबात नाही. आवाज न चढवता म्हणाला, "हे कसं झालं ते फक्त सांगा." मॅडम सोमवारपर्यंत रजेवर. धाकटीने त्याला बसवलं, कागद घेतले, मंगळवारी या म्हणाली.

तो गेल्यावर तिने आतलं दार लावलं. रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं. १२ फेब्रुवारी. पानभर एकतीस स्लाइड, प्रत्येक ओळीशेवटी माझी छोटी सही. एक अक्षर आणि खाली शेपटी.

"ताई, रागावू नका. मला वाटलं, मॅडमच्या आधी तुम्हाला कळावं."

आमच्याकडे पद्धत साधी आहे. स्लाइड आम्ही दोघी वाटून घेऊन बघतो. संशय आला तर काचेवर पेनाने ठिपका देऊन मॅडमकडे. नाही आला तर सही करून ट्रेमध्ये. ट्रेमध्ये गेलेली स्लाइड पुन्हा कुणी बघत नाही.

ती स्लाइड काढली. डोळे लावले. पहिल्याच कोपऱ्यात दिसल्या त्या पेशी — मोठी काळी केंद्रकं, वेड्यावाकड्या कडा. आंधळीला दिसल्या असत्या! वर ठिपका नाही.

मला तो दिवस आठवत नाही. काहीच आठवत नाही. सही माझीच, पण ती करणारा हात माझा वाटत नाही.

२२ जून, रविवार

सकाळी दहाला गेले. चावी माझ्याकडेच असते. नवऱ्याला म्हटलं, थोडं साठलंय. त्याने लॅबच्या दारापर्यंत सोडलं. "बारा वाजता येतो. लांब बघ."

रविवारची लॅब कधी पाहिली नव्हती. फ्रिजची घरघर, स्लाइडसाठी वापरतो त्या झायलीनचा उग्र वास, झाकलेले मायक्रोस्कोप — चादर घेऊन बसलेल्या माणसांसारखे. त्या दिवसाच्या सगळ्या एकतीस काढल्या. पाच बघितल्या की डोळे मिटायचे, वीस मोजायचे, पुन्हा पाच.

अकराव्या स्लाइडला ते आलं. डावीकडे, अर्धं पाऊल मागे. या वेळी वाकून बघत होतं. माझ्याबरोबर. मला त्याच्या श्वासाची वाट बघावीशी वाटली, इतकं जवळ! उठून पळावं असं वाटलं, पण पळायला आधी उभं राहावं लागतं — तीन पायऱ्या. म्हणून बसून राहिले. मोठ्याने म्हटलं, "बघायचं तर नीट बघ मग." रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज कसला घोगरा वाटतो!

आणखी दोन सापडल्या. सतरावी आणि अठ्ठाविसावी. त्या माणसाच्या बहिणीइतक्या वाईट नाहीत, पण सोडण्यासारख्याही नाहीत. दोन बायका चार महिने निर्धास्त फिरतायत, माझ्या सहीवर.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "संपलं काम?" मी हो म्हटलं. घर येईपर्यंत लांब बघत राहिले.

२३ जून

सकाळी धाकटीला फोन केला. मॅडमना सगळं सांगणार आहे म्हटलं, तिन्ही स्लाइडचं. तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग — "बाकीच्या दोन कशाला, ताई? मी त्या बायकांना काहीतरी सांगून परत बोलावते. कुणाला कळणार नाही." किती जीव आहे पोरीचा माझ्यावर!

नाही म्हटलं.

२४ जून

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"बावीस वर्षांत तुझी एक काच मला परत बघावी लागली नाही."

"मला तेव्हापासूनच सुरू झालं असणार, मॅडम. अंगदुखी त्याच सुमाराची. चक्कर आहे हे कळलं नसेल."

"नसेल म्हणजे?"

"मला आठवत नाही."

त्यांनी रजिस्टरचं ते पान बघितलं, तिन्ही स्लाइड बघितल्या. माझ्यासमोर तिन्ही घरी फोन केले. आजच्या आज या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुला मायक्रोस्कोपवर बसवता येणार नाही आता. समजतंय ना?"

समजतंय.

बाहेर आले तर धाकटी रडत होती. मला मिठी मारली. अंगाला हात लागला तरी दुखतं हल्ली, हे ती विसरली असेल.

३ जुलै

काउंटर. नमुने घ्यायचे, लेबल लावायची, रिपोर्ट द्यायचे. उंच स्टूल दिलंय, पाय टेकायला पट्टी आहे. धाकटी माझ्या जागेवर बसते. माझी खुर्ची तिने चार बोटं वर केली. जाता-येता म्हणते, "ताई, दमू नका हं."

चक्कर कमी व्हायला हवी होती ना? काच नाही, सरकणं नाही. उलट वाढली. दिवसात सहा वेळा. तक्ता भरून मागच्या बाजूला लिहितेय.

९ जुलै

आज जे झालं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

कामावरून आले. जिना चढले. कठड्याला हात, एकेक पायरी. चपला काढून बाजूला ठेवल्या, चावी घातली. फिरेना. परत घातली. फिरेना! आतून कुणीतरी खोकलं. पुरुषाचं खोकणं, म्हातारं, आमच्या घरात नसलेलं. मी दाराला कान लावून उभी. माझ्याच घरात हा कोण आणि सासूबाई कुठे आहेत?

मग पायपुसणं दिसलं. हिरवं. आमचं तपकिरी आहे.

एक मजला जास्त चढले होते. इतकंच. चपला उचलून अनवाणी खाली आले. सासूबाईंनी दार उघडलं, माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत तेव्हाच भीती वाटते.

मला आता कशाचीच खात्री नाही. गॅस बंद केल्यावर बटणाला हात लावून मोठ्याने म्हणते, 'बंद'. दोन मिनिटांनी परत जाते.

१४ जुलै

ती आली. त्या माणसाची बहीण. बसमध्ये कंडक्टर आहे. अडतीस वर्षांची, दणकट. ऑपरेशनसाठी स्लाइड न्यायला आली होती. मी पाकीट दिलं, सही घेतली. ती हलेना.

"तुम्हीच का त्या? स्वतःहून सांगितलं त्या?"

"हो. तुमची काच माझ्याकडून सुटली."

तिने पाकीट उलटंसुलटं केलं. "मी दिवसाला हजार माणसं बघते. एखादा फुकट्या सुटतोच. पण तो सुटला म्हणून कुणाच्या पोटात रोग राहत नाही."

मी सही घेतलेली वही मिटली.

"माफ करायचं की नाही ते अजून ठरत नाहीये माझं. आधी ऑपरेशन होऊ दे."

"बरोबर आहे," म्हटलं. तेवढ्यात काउंटर डावीकडे कलला. मी कड पकडली. तिने बघितलं.

"काय होतंय?"

"चक्कर. माझा आजार आहे तो."

"अंग का ताठ करताय मग? बस वळते तेव्हा नवीन पोरी अशाच ताठ होतात आणि पडतात. गुडघे सैल सोडा. पायांत अंतर ठेवा. हलू दे की! बसबरोबर हलायचं, बसशी भांडायचं नाही."

माझ्यापुढे उभं राहून करून दाखवलं. मी केलं. काउंटर कलला तसा कलू दिला. परत आला!

ती निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मी आत जाऊन रडले. पण उभी राहून रडले.

२१ जुलै

सासूबाईंना सांगून टाकलं. डावीकडचं. त्या हसतील, नाहीतर मला कुठेतरी दाखवायला नेतील असं वाटलं होतं.

त्यांनी विचारलं, "अंगावर येतं का?"

"नाही. नुसतं असतं."

"जागा अडवून बसलंय म्हणजे." उठल्या, चप्पल घातली. "चल, चौकापर्यंत जाऊन येऊ." आणि माझ्या डाव्या बाजूला आल्या. अर्धं पाऊल मागे. हात धरला नाही, दुखतो हे त्यांना ठाऊक आहे. नुसत्या चालत राहिल्या, वाटेतल्या प्रत्येक दुकानाला नावं ठेवत. चौकापर्यंत आणि परत.

दुसरं कुणी नव्हतं. जागाच नव्हती!

रोज जायचं ठरलंय. 'क' आता वीस वेळा जमतं, फार हलत नाही.

३० जुलै

आठवला! तो दिवस आठवला!

डब्याच्या वेळी धाकटी सहज बोलली, "तुम्ही करडा स्वेटर घातला होता, ताई. सारखं कपाळ दाबत होतात. मी म्हटलंसुद्धा, राहू दे आजच्या दिवस." आणि हळूहळू सगळं वर आलं. खिडकीची धुरकट काच. करडा स्वेटर, बाहीची निघालेली वीण. स्लाइड सरकतायत आणि मी चिडून सही करत चाललेय, एकीखाली एक. "ताई, पाणी देऊ?"

इतक्या दिवसांनी हायसं वाटलं. निदान चूक तरी माझ्या ओळखीची झाली. धाकटीला म्हटलं, तू होतीस म्हणून. ती डब्यात बघत होती.

४ ऑगस्ट

कंडक्टरबाईंचं ऑपरेशन झालं. पूर्ण निघालं, वेळेत निघालं असं मॅडम म्हणाल्या. बाकी दोघींचं साध्या उपचारात भागलं.

भावाच्या हाती निरोप पाठवला तिने. "त्या बाईंना सांग, अजून ठरलं नाही. पण गुडघे सैल ठेवा."

आज तक्त्यात फक्त एक ओळ. संध्याकाळी, दोन मिनिटं, नावेतली.

९ ऑगस्ट

मुलीने फोटो पाठवला. फोन साफ करताना सापडला म्हणे. तिच्या हॉस्टेलच्या फाटकाशी आम्ही दोघी, मध्ये दोरीने बांधलेली गादी. तिला खोली बदलायची होती म्हणून दोन दिवस रजा टाकून गेले होते, रेल्वेने, आठ तास. साफ विसरले होते! माझ्या अंगावर लाल शाल.

फोटोखाली तारीख आहे. १२ फेब्रुवारी.

तीनदा वाचली. अक्षरं हलत नव्हती.

त्या दिवशी लॅबमध्ये धाकटी एकटी होती. एक अक्षर आणि खाली शेपटी, तेवढी सही कुणालाही जमेल. हजेरीपट कुणी उघडून बघितलाच नाही. मी कबूल केलं होतं ना!

आत्ताच तिचा मेसेज आला. "ताई, गोळी घेतलीत ना?"